गगनबावड्याला धुक्यात जायचा जीन नसतो, आक्का

परवा आक्काने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, तुमच्याकडं पण आला असणार. "20 टक्के लोकांत भटकंतीचा जीन असतो, डीआरडीफोर. अशा मुलांना अडवू नका, डिप्रेशन येतं. रोज तेच तेच केलं की मेंदू गंजतो. 21 दिवस रोज काहीतरी नवीन करा, डोपामिन वाढतं, आनंदी राहाल." खाली कुणा डॉक्टरचं नाव नाही, गुलाबाचं फूल आहे.

एरवी सोडून दिलं असतं. पण भाचा 19 वर्षांचा, मागच्या आठवड्यात रात्री अकराला, पावसात, मित्रांबरोबर बाईकनं गगनबावड्याच्या घाटात गेला आणि परत आला तो एका बाजूचा आरसा गेलेली गाडी आणि कोपरापासून सोललेला हात घेऊन. आक्का हळद लावत दाजींना सांगतीय, त्याचा जीनच तसाय, ओरडू नका.

तर हा जीन, म्हणजे आईबापाकडनं येणारं जनुक. 1996 साली इस्रायलमध्ये एबस्टाईन आणि मंडळींनी 124 लोक तपासले, त्यात डीआरडीफोरचा लांब प्रकार असलेल्यांना नव्याची ओढ जराशी जास्त दिसली. जराशी. पुढं कुणाला ते सापडलं, कुणाला नाही. मग 2002 मध्ये असे 20 अभ्यास, 3,900 च्या वर माणसं, एकत्र घेऊन हिशोब मांडला तर सरासरी परिणाम जवळपास शून्य. आणि तो हिशोब मांडणाऱ्या तिघांत एबस्टाईन स्वतः होता! ज्यानं शोधलं त्यानंच हे छापलं, आमच्या ग्रुपवर मात्र अजून 1996 च चालू आहे.

आता नाइलाजानं एक मान्य करतो. ही ओढ थोडीफार रक्तात असते, जुळ्यांच्या अभ्यासात ते दिसलंय. पण ते एका जीनचं काम नाही, आणि नवं हवं असणं म्हणजे जीव धोक्यात घालणं नव्हे. झुकरमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं यावर आयुष्य घालवलं, त्यानं थरार वेगळा धरलाय आणि नवा अनुभव वेगळा, म्हणजे नवीन गाणी, नवीन गाव, नवीन माणसं. शिवाय थराराची खाज विशीच्या आसपास सगळ्यात जास्त असते, नंतर आपोआप उतरते. दाजी स्वतः त्या वयात काय काय करत होते ते विचार की आक्का. उतरेपर्यंत पोरगं धड राहिलं पाहिजे एवढंच, म्हणून किल्ली लपवायची. त्यानं डिप्रेशन येतं हे कुठनं काढलं देव जाणे, रुसवा येईल दोन दिवस.

डोपामिन हे मेंदूतलं एक रसायन, आनंदाचं टॉनिक नाही, अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की ते उसळतं, तेच परत मिळालं की गप्प. 21 दिवसांचं तर सोडाच, लंडनला 2010 च्या आसपास मोजलं तेव्हा सवय लागायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18, कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला.

मेंदू गंजण्यात मात्र अर्धं खरं आहे. अमेरिकेत साठीपुढच्या लोकांना तीन महिने, आठवड्याला 15 तास, फोटोग्राफी नाहीतर गोधडी शिवायला शिकवली, तर त्यांची स्मरणशक्ती सुधारली. पण ते नेटानं शिकणं होतं, रोज नवीन हॉटेलात मिसळ खाणं नव्हे.

बाबांनी पण फॉरवर्ड वाचला. ते कित्येक वर्षं गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पितात, तिथनं रंकाळ्याला एक फेरी, मग घरी. चष्मा कपाळावर सरकवून मला विचारत होते, "मग काय, उद्यापासनं गाईचं पिऊ?"