कांद्याला अडीचशे, माणसाला पन्नास

पावसाळ्यात तोरणमाळला मुक्काम करायचा म्हणून हलका तंबू बघत होतो. एक पसंत पडला, पैसे भरायला गेलो तर लाल अक्षरात, "तुमच्या पिनकोडवर डिलिव्हरी उपलब्ध नाही." धुळं काय चंद्रावर आहे का? मुंबई-आग्रा हायवे आमच्या दारावरून जातो, सगळ्या देशाचे ट्रक जातात, फक्त माझा दीड किलोचा डबा येत नाही. त्या रागात पाचकंदीलला एका ताडपत्रीच्या दुकानात शिरलो.

"तंबू? किती माणसांचा?"

"दोन."

"दोनशेसाठी मंडपवाल्याकडे जावं लागेल भाऊ."

दोन म्हणजे दोनच हे पटवायला मोबाईलवर फोटो दाखवला, अन् तिथेच फसलो, कारण बाजूला एक आबा कांद्यासाठी ताडपत्री उलगडून बसले होते, साक्रीकडचे. त्यांनी फोन सरळ माझ्या हातातून घेतला, फोटो दोन बोटांनी मोठा केला, मग मला वरून खालपर्यंत बघितलं.

"घरमा भांडण व्हयनं का भो?"

दुकानातला पोऱ्या हसला. त्याला हसायचा काय अधिकार, पण हसला.

"कितला जीएसएम?"

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. आता या कापडाचं गणित डेनियरमध्ये, म्हणजे धाग्याच्या जाडीच्या मापात असतं, वीस डेनियर नायलॉन, वर सिलिकॉनचा थर, हे सगळं मी सांगायला लागलो तर आबांनी हात वर करून थांबवलं. जीएसएमच पाहिजे. म्हटलं पन्नासच्या आसपास असेल.

"आमना कांदासले अडीचशेनी ताडपत्री, आन् तुले माणूसले पन्नासनी?"

आता सगळं दुकान हसलं. मग मी पण पेटलो. सांगितलं की जाडीवर काही नसतं, वॉटरप्रूफचा आकडा बघतात, तीन हजार मिलिमीटर म्हणजे कापडावर तीन मीटर पाण्याचा स्तंभ उभा केला तरी थेंब आत येत नाही. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तीन मीटर पाणी तुना डोकावर उभं ऱ्हायनं ते तंबू गळस का नही हाई कोण देखी?"

याला उत्तर नाही. म्हणजे आहे, खाली गुडघा टेकला की तेवढ्या जागी दाब वाढतो म्हणून तळाला मोठा आकडा लागतो, पण ते सांगायच्या आत किंमत विचारून झाली होती. चौदा हजार. आबांनी नुसतं दुकानदाराकडे बघितलं.

वाऱ्याचं मात्र त्यांना विचारलंच पाहिजे होतं, ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांच्या पट्ट्यातला माणूस. म्हणे तोंड वाऱ्याकडे नको, बुटका घे, अन् वर खडकात तुझे खिळे जाणार नाहीत, दोरी धोंड्याला बांध. हे फुकट सांगितलं. कंपनीच्या व्हिडिओत तंबू कायम हिरवळीवर, कोरड्या उन्हात, अन् एक बाई कॉफी पिते. नायलॉन भिजलं की सैल पडतं, रात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात, एकपदरी तंबूत आपल्याच श्वासाचं पाणी आतून टपकतं, हे तिथे कोणी बोलत नाही. स्वस्तातल्यांवर तर आकडाच नाही, नुसतं "वॉटरप्रूफ", आणि वजन लिहितात ते खुंट्या अन् पिशवी सोडून, म्हणजे माणसाने तंबू काखेत धरून डोंगर चढायचा. खाली रिव्ह्यू काय तर "नाइस प्रॉडक्ट, अजून उघडला नाही". अरे मग लिहितोस कशाला?

शेवटी ऑर्डर नाशिकला मावसभावाच्या पत्त्यावर टाकली. तोवर आबांनी माझ्यासाठी दोरी पसंत करून ठेवली होती, करंगळीएवढी जाड. अर्धी तोडून द्या म्हटलं तर दुकानदार म्हणाला बंडल फोडत नाही. काट्यावर टाकली, सव्वा किलो.