अनामिकरावांना उत्तर : व्होल्टेज, फोडणी आणि 'काका'

'आय५-९६००के ४.९ वर नेला, पण टिकेना' या माझ्या गेल्या आठवड्यातल्या लेखाखाली एका 'अनामिक' वाचकाची प्रतिक्रिया आली आहे. (लेख इंटेलचा हा प्रोसेसर छापील वेगापेक्षा जास्त, ४.९ गिगाहर्ट्झवर पळवण्याचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगचा होता.) शोधत बसायला नको म्हणून ती आहे तशी इथे देतो :

"काका, व्होल्टेज म्हणजे फोडणीतलं तेल नाही, कमी वाटलं की ओतायला. स्मॉल एफएफटी दोन तास चालते आणि ब्लेंड पाऊण तासात पडते, म्हणजे संशय रॅमवर घ्यायला हवा. चार स्टिक, त्यातल्या दोन सीएल १६ आणि दोन सीएल १८, वर एक्सएमपी ३२०० चालू. आधी एक्सएमपी बंद करा, मेमटेस्टच्या चार फेऱ्या होऊ द्या, मग प्रोसेसरला दोष द्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. आणि व्हीया-लॉगरची १९ नंबरची नोंद जीवघेणी नसते, १८ ची असते."

नवख्यांसाठी एवढंच : स्मॉल एफएफटी आणि ब्लेंड या प्राइम९५ या प्रोग्रॅमच्या चाचण्या, पहिली मुख्यतः प्रोसेसरला ताणते, दुसरी रॅमलाही. सीएल म्हणजे रॅमला प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ. एक्सएमपी म्हणजे रॅम डब्यावर छापलेल्या वेगाने चालवायची बायोसमधली, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगांतली, सोय. मेमटेस्ट रॅम तपासतो. व्हीया-लॉगर म्हणजे हार्डवेअरच्या चुका टिपून ठेवणारी विंडोजची सोय.

सुरुवात शेवटच्या वाक्यापासून करतो, म्हणजे मी चूक कबूलच करत नाही असं कोणी म्हणायला नको. बरोबर आहे तुमचं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १९ म्हणजे चूक झाली होती पण ती सावरली गेली. १८ म्हणजे सावरता आली नाही, मशीन गेली. माझ्याकडून आकडे उलटे पडले. लेखात दुरुस्ती केली आहे आणि खाली तुमचे आभारही मानलेत. 'अनामिक यांचे आभार' असं लिहावं लागलं, त्याला माझा इलाज नाही.

आता 'काका'. मी शेहेचाळीस वर्षांचा आहे. आमच्या अकोल्यात शेहेचाळिशीच्या माणसाला भाऊ म्हणतात, फार तर दादा म्हणतात. काका म्हटल्याचा मला राग नाही, माझे पुतणे मला काकाच म्हणतात. पण ते तोंडावर म्हणतात, नाव लपवून नाही. आणि तुमच्या 'काका'मध्ये नातं कुठे होतं? 'तुम्हाला आता झेपत नाही' एवढंच होतं त्यात.

बरं, ते फोडणीचं. हे वाक्य लिहून तुम्ही स्वतःशीच हसला असणार. त्याखाली अकरा जणांनी हसणारे चेहरे टाकलेत, त्यातले दोघे माझे जुने वाचक. पण अनामिकराव, फोडणी घातलीत का कधी? तेल कमी पडलं तर मोहरी नीट तडतडत नाही, करपते. हात असलेली बाई तेल 'ओतत' नाही, कढईकडे बघत सोडते. आणि तेलाला नावं ठेवायचीच असतील तर वऱ्हाडात तरी ठेवू नका, इथे तर्रीवर माणसं जगतात.

मी काय 'ओतलं' ते सांगतो. माझ्याकडे दोनशे पानी वही आहे. संगणकातली फाइल नव्हे, कागदाची वही, कारण जी मशीन दर तासाला निळी स्क्रीन दाखवते तिच्यावरच नोंदी ठेवण्याइतका मी खुळा नाही. १४ मेच्या पानावर असं आहे : मल्टिप्लायर (वेगाचा गुणक) ४९, म्हणजे ४.९ गिगाहर्ट्झ, व्हीकोर (प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज) १.२८, विंडोज उघडलं, अर्ध्या तासात व्हीया-लॉगरच्या तीन नोंदी, तिन्ही १९, तिन्हींत 'इंटर्नल पॅरिटी एरर', म्हणजे प्रोसेसरच्या आतली चूक. १.२९ ला एक नोंद. १.३० ला एक. १.३१ ला एकही नाही. पॅरिटी एरर १.३१ ला थांबतात म्हणजे त्याच्या खाली प्रोसेसर खरोखरच उपाशी होता. हे तुम्ही वाचलंत का? लेखात आहे ते. दर वेळी वाढ ०.०१ ची. याला ओतणं म्हणत असाल तर चहाच्या चमच्याने औषध देणाऱ्या आयाही ओततच असतात.

पुढे १.३४ पर्यंत गेलो, तेही डोळे झाकून नाही. बायोसमध्ये १.३४ लावलं की पूर्ण लोडवर माझ्या बोर्डवर १.२९ च्या आसपास दिसतं, लोड आला की व्होल्टेज खाली बसतं. ते सावरायला लोड लाइन कॅलिब्रेशन असतं. ते मी शेवटच्या पायरीवर का नेलं नाही? कारण लोड एकदम सुटतो तेव्हा व्होल्टेज क्षणभर लावलेल्या आकड्याच्याही वर उसळतं आणि ते कुठल्याही साध्या मॉनिटरमध्ये दिसत नाही. आणि खर्चाचा हिशोबही केला होता : वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे त्याच ४.९ वर १.२८ वरून १.३४ ला गेलं की साधारण साडेनऊ टक्के जादा. तापमान ८१ वरून ८८ झालं, तेव्हा खोलीत ३७ होतं. शंभरला हा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे बारा अंश हातात होते. वाळ्याचा कूलर पाणी टाकून खोलीत चालू, सीपीयूवरचा दोन पंख्यांचा चालू, कॅबिनेटची बाजूची पत्री काढलेली. अकोल्याच्या मे महिन्यात ओव्हरक्लॉकिंग काय असतं ते एसीत बसून सांगू नका, राजेहो.

आणि फळ मिळालं नाही असंही नाही. ब्लेंड आधी चाळीस मिनिटांत पडायची, 'राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४' म्हणत, म्हणजे आकडेमोड चुकत. १.३४ ला ती पंचावन्न मिनिटं चालली. पंधरा मिनिटांची प्रगती आहे ती.

हे सगळं मी कुठून शिकलो, तेही एकदा सांगून टाकतो, कारण प्रतिक्रियेचा सूर असा आहे की जणू मी परवा यूट्यूब बघून बसलो. १९९९ साली मी पुण्यात इंजिनीअरिंगला होतो. बुधवार पेठेतून सेलेरॉन ३००ए आणला. मल्टिप्लायर ४.५, कुलूपबंद, वाढवायची ती बस, म्हणजे मदरबोर्डचा मूळ वेग, ज्याला मल्टिप्लायरने गुणतात. ६६ ची १०० केली की ३०० चा ४५० होतो. माझा बोर्ड ४४०बीएक्सचा, म्हणजे १०० ची बस चालवू शकणारा होता, पण बसचा वेग तो प्रोसेसरला विचारून ठरवायचा आणि सेलेरॉन सांगायचा ६६. मग त्या स्लॉट-१ च्या कार्डावरची बी२१ नंबरची पिन झाकायची. लोक टेप लावायचे, ती आत ढकलताना सरकायची. मी बहिणीचं नेलपॉलिश लावलं. पिनेची रुंदी ती किती, ब्रशचा एक केस वापरून, श्वास रोखून. शेजारच्या पिनेवर थेंब गेला तो टाचणीने खरवडला. वाळायला रात्रभर ठेवलं, सकाळी चालू केलं आणि काळ्या पडद्यावर ४५० आलं. होस्टेलची अर्धी विंग बघायला आली होती. ते मशीन चार वर्षं चाललं. त्यानंतर क्यू६६००, २.४ चा ३.० वर, ९ गुणिले ३३३, तोही माझ्याकडे सहा वर्षं. एकही प्रोसेसर मी आजवर जाळलेला नाही. तेव्हा बाळा, तू रांगत होतास की नव्हतास माहीत नाही, पण मोहरी कधी तडतडते ते मला शिकवू नकोस.

असो. 'तुम्ही'वर येतो परत.

राहिलेल्या मुद्द्यांत फारसं काही नाही. चारही स्टिकच्या डब्यावर ३२०० छापलेलं आहे, आणि ओव्हरक्लॉक नव्हता तेव्हा वर्षभर त्या ३२०० वर चालल्या. इंटेल या प्रोसेसरला २६६६ च्याच रॅमची हमी देते हे मला ठाऊक आहे. हमीच बघत बसायची असती तर के-वाला, म्हणजे मल्टिप्लायर वाढवता येणारा, प्रोसेसर घेतला कशाला असता? शिवाय मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो. म्हणजे रॅममुळे पडत असलं तरी मी 'प्रोसेसर टिकत नाही' म्हणालो ते चूक कसं? मेमटेस्टच्या चार फेऱ्यांना ३२ जीबीवर अख्खी रात्र जाते आणि ही माझी रोजच्या कामाची मशीन आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, हे तर मीच २०१९ च्या लेखात लिहिलंय.

प्रतिक्रियेखाली आणखी एकाने विचारलंय की मेहुण्याच्या लग्नाच्या फोटोंच्या झिपला सीआरसी एरर (फाइल बिघडल्याची खूण) आला असं मी लिहिलं होतं, तोही रॅममुळेच का? नाही. तो पेनड्राइव्हमुळे. पेनड्राइव्ह जुना आहे. दुसऱ्या लॅपटॉपवर तीच झिप उघडली, हे खरं, पण पेनड्राइव्हचं असं होतं कधीकधी.

आता एक गोष्ट सांगतो, कारण लपवाछपवी मला जमत नाही. काल रात्री एक्सएमपी बंद करून पाहिलं. तुमच्या सांगण्यावरून नव्हे, मला तसंही बायोसमध्ये जायचं होतं. रॅम आपोआप २१३३ वर आली. आत गेलोच होतो म्हणून व्हीकोरही १.३१ वर आणून ठेवलं. रात्री अकराला ब्लेंड लावून झोपलो. सकाळी आठला उठलो तर चाचणीचे सहाही वर्कर (दर कोअरला एक) हिरवे, शून्य एरर, शून्य इशारे. नऊ तास.

लगेच उड्या मारू नका. काल संध्याकाळी मृगाचा पहिला दणदणीत पाऊस झाला. रात्री खोलीत २८ अंश होतं, कूलर बंद करून पांघरूण घ्यावं लागलं. गारव्यात काहीही चालतं. त्यामुळे या नऊ तासांवरून काही सिद्ध होत नाही, आणि मी ते सिद्ध झालं असं म्हणतही नाही. ऊन पडू दे, खोली पुन्हा ३५ च्या वर जाऊ दे, एक्सएमपी चालू करून ब्लेंड लावतो आणि वहीचं पान इथे टाकतो.

तोवर खाली हसणारे चेहरे टाकू नयेत.