धायटी उपटून लॉन लावणाऱ्यांनो

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहितोय. आमच्या कोकणातल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, नवीन बंगला झालाय. तिथे जेसीबीने कडेची धायटी मुळासकट काढली, तीही ऐन फुलावर असताना! वर मलाच समजावलं, "जंगली झुडूप आहे हो, इथे लॉन येणार." लॉन. कातळावर. एप्रिलात विहिरी तळाला जातात, वाडीतल्या बायका हंडे मांडून टँकरची वाट बघतात, आणि यांचं गवत दोन वेळ भिजणार.

आमच्या आत्येच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, धायटी होती. तिला कुणी तांब्याभर पाणी घातलेलं मी पाहिलं नाही. जांभ्याच्या फटीत मूळ, माती म्हणाल तर चिमूटभर. तरी माघ लागला की फांदीच्या बुडापासून शेंड्यापर्यंत लालभडक नळ्याच नळ्या. आम्ही पोरं फूल खुडून मध चोखायचो आणि शिंजीर, तो मध पिणारा चिमुकला पक्षी, बाजूला बसून आमच्यावर किचकिचायचा. आत्ये आतून ओरडायची, "अरे, त्याला ठेवा काहीतरी!"

कोकणात 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, मग पाण्याला काय तोटा, असं बाहेरच्यांना वाटतं. पडतो चार महिने आणि कातळावरून वाहत खाडीला जातो. पुढचे आठ महिने ठणठणाट. त्यात आत्येची धायटी फुलायची, बरं का.

आणि जंगली काय जंगली? वैद्य आसवं-अरिष्टं, म्हणजे आंबवून करायची पातळ औषधं, आंबवायला घालतात ती धातकीची फुलं म्हणजे हीच. आत्ये सुपात वाळवून ठेवायची. कुंपणाला मेंदी चालते ना तुम्हाला? ही तिच्याच कुळातली.

मान्य, पावसात ती अस्ताव्यस्त पसरते, छाटावी लागते. पहिल्या उन्हाळ्यात थोडं पाणीही मागते. बास, यापुढे मी काही मान्य करणार नाही.

माणूस तसा वाईट नाही हो. चहा पाजला, बसवून घेतलं. त्याला सांगणार कोण? नर्सरीत जावं तर बोगनवेल, क्रोटन आणि गुंडाळलेलं लॉन. आत्ये असती तर भांडली असती आणि निघताना वाळल्या बोंडांची पुडी त्याच्या हातावर ठेवली असती.

ते आता मी करणार. बी इतकं बारीक की चिमटीत धरवत नाही. बोंडं वाळली की कागदी पिशवीत झाडून घ्यायची, पावसाच्या तोंडावर ओल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं, वरून माती लोटायची नाही. हवं असेल त्यांनी आत्ताच सांगून ठेवा. लॉनवाल्यांनी मात्र आधी टँकरचं बिल दाखवायचं.