पाऊस पडला तरी भाडं चालूच

पायलट ट्रेनिंगच्या खर्चावरच्या लेखात फीचा हिशेब नीट मांडलाय, पण राहण्याचा खर्च एका ओळीत उरकलाय. आम्ही कामोठ्यात राहतो, मुलगी बारामतीला पायलटचं शिकते. कमर्शियल लायसन्सला, म्हणजे पायलटची नोकरी करायच्या परवान्याला, 200 तास उड्डाण लागतं. हे झालं कागदावर. पावसाळ्यात ढग खाली उतरले की विमान हँगरमध्ये, म्हणजे शेडमध्ये, पोरी खोलीवर. भाडं थांबतंय होय? आम्ही वर्षभराचं धरून चाललो होतो, दीड वर्ष होत आलं.

पहिल्या पीजीवाल्याने रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिटच गिळलं. तेव्हापासून आत शिरतानाच भिंतींचे फोटो काढून ठेवतो. आता तिघींनी मिळून वन बीएचके घेतलाय, अकरा महिन्यांचा करार, डबा शेजारच्या काकूंचा. बराच स्वस्त पडतो. भांडण होतं ते फक्त पहाटेच्या गिझरवरून.

नेव्हिगेशन (मार्ग काढणं), मिटिऑरॉलॉजी (हवामान), रेग्युलेशन्स (नियम) हे लायसन्सचे लेखी पेपर जमल्यास घरी राहूनच काढा, मग तिकडे खोली शोधा. आमच्या मुलीने ढगांचे प्रकार आमच्या गॅलरीत पापड राखत पाठ केले. आणि हो, खोली बघायला दुपारी जाऊ नका. पहाटे साडेपाचला एअरफील्डकडे रिक्षा मिळते का, ते आधी बघा.