शेजाऱ्याला आधी कळवा

महाराष्ट्रातल्या शहरांत सध्या पुनर्विकासाचा हंगाम आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या तीनमजली सोसायट्या पाडून त्यांच्या जागी दहा-बारा मजले चढतायत, आणि नातेवाइकांच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच वाद रंगलाय. बिल्डर किती टक्के जास्त जागा देतो, कॉर्पस म्हणजे सोसायटीला मिळणारी एकरकमी रक्कम किती, दोन वर्षांचं भाडं आगाऊ की दरमहा. एवढ्या चर्चेत एक माणूस कुठेच नसतो. शेजारच्या प्लॉटवरचा. त्याचं या व्यवहारात काही देणंघेणं नाही, पण उजेड त्याच्या स्वयंपाकघरातला जाणार असतो.

माझी मावशी सध्या तो माणूस आहे. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कुठलंही घातलं तरी गोष्ट चालेल. तिच्या सोसायटीच्या पूर्वेला अकरा मजले उभे राहतायत. प्लॅन पास झाल्याचं या लोकांना कळलं ते प्लॉटभोवती पत्रे ठोकले गेले तेव्हा. मग तिच्या सोसायटीतल्या एका काकांनी माहिती अधिकारात अर्ज केला. बऱ्याच हेलपाट्यांनंतर कागद हातात आले, आणि त्यात दिसलं की सहा मीटरचं साइड मार्जिन, म्हणजे हद्दीपासून बाजूला सोडायचं अंतर, 'हार्डशिप' (अडचण) म्हणून साडेचार मीटरवर आणून दिलंय, आणि त्यापोटी प्रीमियमचं, म्हणजे सुटीच्या शुल्काचं, चलन रीतसर भरलंय. म्हणजे बेकायदा असं काहीच नाही. मावशी फोनवर म्हणाली, "अगं, दीड मीटर गेलं माझ्या खिडकीसमोरचं आणि पावती फाडली त्याच्या नावाने!"

मी न्यू जर्सीत राहते, म्हणजे अशा राज्यात जिथे दीड मीटर सोडा, दोन फुटांसाठीही माणसं रात्री साडेनऊपर्यंत टाऊन हॉलमध्ये बसतात. इथल्या १९७५ च्या जमीनवापर कायद्यानुसार कुणाला हद्दीपासून सोडायच्या अंतरात सूट हवी असेल, तर त्याने गावाच्या झोनिंग बोर्डापुढे (कुठे काय आणि कसं बांधायचं याचे नियम म्हणजे झोनिंग) अर्ज करायचा आणि आपल्या प्लॉटच्या चहूबाजूंनी २०० फुटांच्या आत ज्यांची मालमत्ता आहे त्या प्रत्येकाला सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस द्यायची, हातात किंवा सर्टिफाइड टपालाने. शिवाय जाहीर सूचना. नकाशे त्या १० दिवसांत कुणालाही बघायला ठेवलेले असले पाहिजेत. एखाद्याची नोटीस राहून गेली, तर बोर्डाला त्या रात्री ते प्रकरण ऐकताच येत नाही, तारीख पुढे जाते. वकिलाने भली तयारी केलेली असो.

अशीच एक नोटीस आमच्या दारी आली होती. मागच्या गल्लीतल्या एका तेलुगू कुटुंबाला तळमजल्यावर बाथरूमसह एक खोली वाढवायची होती, आजींना जिना चढवत नाही म्हणून. बाजूला दहा फूट सोडायला हवेत, तर बांधकामानंतर साडेसहाच उरणार होते. माझी हरकत नव्हती, उत्सुकता होती, म्हणून गेले. बोर्डावर सात नेहमीचे सदस्य, गावातलेच रहिवासी, बिनपगारी. आधी झेंड्याला वंदन, मग सभा कायद्याप्रमाणे जाहीर केलेली आहे असं वाचून दाखवणं. नंतर बोर्डाच्या वकिलाने घरमालकाला उजवा हात वर करायला लावून शपथ दिली. घरमालकाने आजींच्या गुडघ्यांपासून सुरुवात केली. अध्यक्षांनी आस्थेनं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की गुडघे बोर्डाला विचारात घेता येत नाहीत. उद्या घर विकलंत तर नव्या मालकाकडे आजी नसतील, भिंत मात्र तिथेच असेल, कारण ही सूट माणसाला नाही, जमिनीला मिळते.

मला ते तेव्हा फार कोरडं वाटलं. पण मग आर्किटेक्ट उठला. त्याने मोजणीचा नकाशा स्टँडवर लावला, त्यावर पुराव्याचा क्रमांक म्हणून 'ए-१' असं चिकटवलं, आणि दाखवलं की प्लॉट ५० फूट रुंद आहे, तर आजचा नियम त्या भागात ७५ फुटांचा प्लॉट गृहीत धरतो. घर नियमाच्या आधीचं. म्हणजे अडचण जमिनीच्याच आकारात आहे, कुणाच्या इच्छेत नाही. कायद्याला हार्डशिप लागते ती अशी. पैसे कमी पडतायत, कुटुंब मोठं आहे, खर्च करून बसलोय, यातलं काहीही चालत नाही. अडचण स्वतःच ओढवून घेतलेली असेल तर मुळीच नाही.

मग माईक लोकांसाठी मोकळा झाला. बाजूच्या घरातल्या एकट्या राहणाऱ्या बाई उठल्या. त्यांचा विरोध नव्हता, प्रश्न होते. तुमच्या पन्हाळीचं पाणी माझ्या तळघरात येणार का? एसीचं बाहेरचं यंत्र माझ्या झोपायच्या खोलीसमोर बसवणार का? खिडकी केवढी? आर्किटेक्टला त्यांना तिथेच उत्तरं द्यावी लागली, शपथेवर. शेवटी अटी ठरल्या. पन्हाळीचं पाणी शोषखड्ड्यात, यंत्र घराच्या मागे, खिडकी उंचावर. एकेकाचं नाव पुकारून मतदान झालं आणि सूट मिळाली. साडेतीन फुटांसाठी पाऊण तास! पुढच्या महिन्यात कारणांसकट लेखी ठराव झाला. तो कुणाला पटला नाही तर निर्णय प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवसांत कोर्टात जाता येतं, आणि कोर्ट बघतं ते हेच, की कारणं लिहिली आहेत का आणि ती नोंदलेल्या साक्षीत सापडतात का.

या सगळ्यात गावाच्या तिजोरीत फुटांमागे एक डॉलरही जात नाही. अर्जाची फी असते, बोर्डाचा वकील आणि इंजिनिअर यांचा खर्च अर्जदाराकडून आगाऊ घेतलेल्या अनामतीतून भागतो, बस. सूट विकत मिळत नाही. एखाद्या गावाने तसा भाव लावायचा म्हटला तरी कोर्ट तो टिकू देणार नाही.

आपल्याकडे लोकांना बोलायचंच नसतं असं कुणी म्हणू नये. पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा २०१३ मध्ये हरकतींसाठी खुला झाला तेव्हा ८० हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा पहिला मसुदा २०१५ मध्ये आला, त्यावरही हजारोंनी अर्ज पडले, त्यात इतक्या चुका निघाल्या की सरकारने तो मागे घेऊन नव्याने करायला लावला. १९६६ च्या नगररचना कायद्यात हरकतींची सोय आहेच. आराखडा करताना आहे. भूखंडाचं आरक्षण बदलायचं असेल तर कलम ३७ खाली नोटीस काढून महिनाभर हरकती मागवाव्या लागतात. पण एकदा आराखडा मंजूर झाला की पुढची वीस वर्षं एकेका इमारतीला जे मिळत जातं, एक मीटर इथे, दीड मीटर तिथे, त्याबद्दल शेजाऱ्याला कुणी काही विचारत नाही. वीस वर्षांत एकदा अख्ख्या शहराला विचारायचं आणि रोजच्या रोज कुणालाच नाही, अशी ही रचना आहे.

गंमत म्हणजे नियमावलीत शेजारी आहे. मुंबई आणि काही मोजके भाग सोडून बाकी राज्याला लागू झालेली २०२० ची एकत्रित बांधकाम नियमावली सांगते की खरी अडचण दिसत असेल तर अधिकारी मोजमापांत सूट देऊ शकतात, मात्र आरोग्य, आग, इमारतीची मजबुती यांबाबत त्या इमारतीतल्या आणि परिसरातल्या लोकांना धोका होता कामा नये. परिसरातल्या! त्या परिसराला विचारल्याशिवाय धोका नाही हे कसं ठरतं, ते मावशीच्या फाइलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. अग्निशमनचा दाखला आहे, चलन आहे, सही आहे. हार्डशिप नक्की कसली, याचं एक वाक्यही नाही. ती प्लॉटची असेल, कदाचित खरोखरच असेल. पण नकाशा बघून मला तरी प्लॉट चांगला चौकोनी दिसला, आणि अडचण विक्रीला काढायच्या फ्लॅटांच्या संख्येत.

गोव्यात हीच गोष्ट जमिनीच्या वापराबाबत झाली. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) हे पोटकलम आलं. प्रादेशिक आराखड्यात एखाद्याची जमीन 'चुकून' शेत किंवा बागायत म्हणून रंगवली गेली असेल, तर मालकाने अर्ज करायचा आणि ती चूक दुरुस्त करून घ्यायची. आधी गावाला विचारणं नाही, हरकत नाही. चुका भराभर सापडत गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये त्याखालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्द केली. ज्या गोव्याने लोकांच्या रेट्याने २००७ मध्ये अख्खा प्रादेशिक आराखडा मागे घ्यायला लावला होता, तिथे ही वाट काढली गेली, हे विशेष.

आता अमेरिकेची दुसरी बाजू, कारण परदेशातून लिहिणाऱ्यांना इथली फक्त गुळगुळीत रस्त्यांची बाजू दिसते असा आमच्यावर आरोप आहे आणि तो बराचसा खरा आहे. ही सगळी झोनिंगची इमारत ज्या निकालावर उभी आहे, तो युक्लिड गावाचा १९२६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. त्यात न्यायमूर्तींनी लिहून ठेवलंय की स्वतंत्र बंगल्यांच्या वस्तीत येणारी अपार्टमेंटची इमारत ही बऱ्याचदा निव्वळ बांडगूळ असते. आपण सगळे फ्लॅटमध्ये वाढलेले लोक, म्हणजे त्या हिशेबाने जन्मजात बांडगुळं. आणि हा नुसता शब्दांचा मामला राहिला नाही. न्यू जर्सीच्या दक्षिणेला माउंट लॉरेल नावाचं गाव आहे. तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी ३६ साध्या घरांची योजना पुढे आली, आणि गावाच्या झोनिंगमध्ये तिला जागाच नव्हती. एथेल लॉरेन्स या शिक्षिकेने आणि इतरांनी ते प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. १९७५ मध्ये कोर्टाने सांगितलं की झोनिंगच्या आडून गरिबांना वेशीबाहेर ठेवता येणार नाही. पन्नास वर्षं होऊन गेली, आपल्या वाट्याची परवडणारी घरं किती यावर गावं अजून भांडतायत.

न्यू जर्सीतल्याच बास्किंग रिजची मशीद तर आमच्याच काळातली. चार एकरांवर एक छोटी मशीद, आणि गावाच्या प्लॅनिंग बोर्डापुढे ३९ सुनावण्या. पाणी कसं वाहून जाईल, कुंपण कसलं, आणि सगळ्यात जास्त पार्किंग. इतर प्रार्थनास्थळांना तीन माणसांमागे एक जागा पुरत होती, इथे आधी ५० सांगितलेल्या जागा १०७ वर नेल्या. २०१५ मध्ये अर्ज फेटाळला, केंद्राचं न्याय खातंही कोर्टात गेलं, आणि २०१७ मध्ये तडजोडीत गावाला साडेबत्तीस लाख डॉलर मोजावे लागले. आपल्या मंडळातली मंडळी तेव्हा म्हणत होती, आपल्याला काय त्याचं. देवळाचा विस्तार बोर्डापुढे आला की याच पार्किंगच्या प्रश्नांवर तीच मंडळी 'हा निव्वळ द्वेष' म्हणून उसळतात. तो असतोही कधीकधी.

तेव्हा मी जे मागतेय ते 'अमेरिकेसारखी सुनावणी' नव्हे. पुनर्विकासाला प्रत्येक शेजारी तीन-तीन वर्षं अडवू शकेल अशी व्यवस्था आपल्याकडे आणली, तर धोकादायक इमारतींतली माणसं आहेत तिथेच मरतील. शिवाय शेजाऱ्याला नकार द्यायचा हक्क दिला, की त्या नकाराचा भाव ठरायला आपल्याकडे आठवडाही लागणार नाही. इथेही कायदा शेजाऱ्याला तो हक्क देत नाही. शंभर माणसं हात वर करून उभी राहिली, तरी बोर्डाचा वकील सांगतो की ही मोजदाद नाही, मुद्दा काय तो बोला. मला हवंय ते फार थोडं. नियमात बसणाऱ्या इमारतीबद्दल कुणालाही विचारू नका, खुशाल बांधा. पण जिथे नियमापेक्षा कमी अंतर सोडायचंय, तिथे सही होण्यापूर्वी लगतच्यांना कळवा, एकदा ऐकून घ्या, आणि सूट का दिली ते लिहा. आपल्याकडे आधी सूट किंवा आधी बांधकाम, नंतर नियमित करायची योजना, कधी गुंठेवारी, कधी आणखी काही, हा क्रम इतका अंगवळणी पडलाय की याला कुणी व्यवस्था म्हणतं, कुणी दिलासा.

मावशीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ऑफिसात माणसं नाहीत म्हणतील बघ." म्हणतीलच. पण न्यू जर्सीत नोटिसा ऑफिस पाठवत नाही, अर्जदार पाठवतो, आणि पाठवल्याचा पुरावा त्यानेच दाखल करायचा असतो. गावाने फक्त २०० फुटांतल्या मालकांची यादी करून द्यायची, सात दिवसांत, दहा डॉलर किंवा नावामागे पाव डॉलर, जे जास्त असेल त्यात. आपल्याकडे ही यादी मिळकतकर विभागात तयार पडलेली आहे. आणि सोसायटी असेल तर इथल्यासारखंच प्रत्येक फ्लॅटला वेगळी नोटीसही नको, सेक्रेटरीच्या नावे एक रजिस्टर पत्र पुरे. मावशीच्या सोसायटीत सेक्रेटरी तीच आहे.