मूल सोडून सर्व समाविष्ट

तालुक्याच्या समावेशित शिक्षणाचा, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळेत शिकवण्याचा, कार्यभार तुमच्याकडे आलाय ना? मग पहिल्याच दिवशी मुलांना भेटायला निघू नका. गट साधन केंद्रात खुर्ची मिळाली असेल तर तिच्यावर बसा. नसेल मिळाली, तर गोदामात वाटायच्या राहिलेल्या व्हीलचेअर असतातच. मोबाइल चार्जिंगला लावा. थोड्याच वेळात ग्रुपवर संदेश येईल: 'अतितात्काळ. सोबतच्या शीटमध्ये केंद्रनिहाय, प्रकारनिहाय, प्रवर्गनिहाय माहिती आज दुपारी २ पर्यंत भरावी. विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.' घड्याळात तेव्हा दीड वाजलेला असेल. हे तुमचं खरं काम. बाकीचं वेळ उरला तर.

शीट भरायला एकवीस प्रकार तोंडपाठ हवेत. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. कायदा करणाऱ्यांनी मन मोठं केलं आणि तक्ता करणाऱ्यांनी कागद आडवा केला. या एकविसात पार्किन्सनही येतो. त्यामुळे जिल्हा परिषद शाळांतली पहिली ते आठवीची पार्किन्सनग्रस्त बालकं किती, हेही तुम्हाला केंद्रवार कळवावं लागेल. तिथे 'निरंक' लिहायचं. शून्य लिहिलंत तर 'पडताळणी केली का?' म्हणून फोन येतो. निरंक लिहिलंत की कुणी विचारत नाही. एकूण आकडा मात्र बेतानं धरा. गेल्या वर्षीपेक्षा तो वाढला तर 'ही मुले अचानक कोठून आली?' आणि घटला तर 'शोधमोहीम राबवली नाही काय?' गेल्या वर्षीचा आकडा अधिक तीन, हे गणित अजून कुणाला महागात पडलेलं नाही.

आता तुमचं पथक. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगून ठेवलंय की प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. आपल्याकडे हेच गुणोत्तर एका शिक्षकामागे दहा शाळा असं वाचायची पद्धत आहे, आणि दहाच शाळा वाट्याला आल्या तर तो शिक्षक नशीबवान. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावलं, निदान पदं मंजूर करून जाहीर तरी करा. त्याची काळजी तुम्ही करू नका, ते वरच्या स्तरावरचं काम आहे. तुमच्या स्तरावर एवढंच बघा की श्रवणदोषाचं प्रशिक्षण घेतलेल्या मॅडमकडे दृष्टिहीन मुलांच्या शाळा जातील आणि ब्रेल येणाऱ्या सरांकडे बौद्धिक अक्षमतेची मुलं. दोघांनाही नवीन काही शिकायला मिळतं.

तरी हे लोक शाळेत फार दिवस जातील असं होऊ देऊ नका. विशेष शिक्षकांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली शिकलीसवरलेली माणसं, म्हणजे कॉम्प्युटर येणारच. आधार जुळणी, यूडायस या शाळांच्या ऑनलाइन माहितीसाठ्यातल्या दुरुस्त्या, शिष्यवृत्तीचे राहिलेले फॉर्म, प्रशिक्षणाच्या दिवशी चहापाण्याची व्यवस्था. वर्षानुवर्षं करारावर काढलेल्या माणसाच्या तोंडून 'नाही' हा शब्द सहसा निघत नाही, आणि पथकप्रमुखाला मिळणाऱ्या सोयीसवलतींत ही सगळ्यात मोठी. एखादा म्हणालाच, 'साहेब, आज गृहभेट ठरलीय,' तर म्हणा, 'जाऊन या, पण जीपीएसवाला फोटो टाका.' तो घराच्या दारात उभा राहून अक्षांश-रेखांशासह फोटो काढतो, आतल्या मुलाला हात करतो आणि नेटवर्क शोधत टेकडीवर जातो. भेट झाली.

प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा वेगळा असावा, असं पुस्तकात असतं. पुस्तक लिहिणाऱ्याला तो ३१ तारखेच्या आत जमा करायचा नसतो. शेजारच्या तालुक्यातून एक बरा आराखडा मागवा आणि नाव तेवढं बदला. सर्वनामांकडे मात्र लक्ष असू द्या. 'वैष्णवी स्वतःचा सदरा घालेल, त्याला प्रोत्साहन द्यावे' असं गेलं की एखादा चिकित्सक अधिकारी लाल रेघ ओढतो. उद्दिष्टं सगळ्यांना तीच चालतात: चमच्याने जेवेल, बटण लावेल, तीन रंग ओळखेल. सातवीतला एखादा दृष्टिहीन मुलगा सरळव्याजाची गणितं वर्गाच्या आधी तोंडी सोडवत असेल. त्यालाही तीन रंग ओळखायला लावा. वर्षअखेरीस शेरा 'अंशतः साध्य'. पूर्ण साध्य लिहू नका, पुढच्या वर्षी नवी उद्दिष्टं शोधावी लागतात.

रॅम्पबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण भेटीला आलेला प्रत्येक अधिकारी आधी तोच बघतो. नियम सोपा आहे: उंची एक फूट असेल तर उतार बारा फूट लांब. पण शाळेपुढच्या त्या बारा फुटांत आधीच ध्वजस्तंभाचा ओटा असतो, कुणाच्या तरी हस्ते लावलेलं झाड असतं आणि त्या झाडाभोवती त्यांच्या नावाची फरशी असते. मग ठेकेदार उरलेल्या चार फुटांत दोन फूट उंची चढवतो. अशा रॅम्पवरून व्हीलचेअर वर न्यायला दोन माणसं लागतात आणि खाली यायला एकही लागत नाही. वर पोचलात की दाराला उंबरा. तुम्ही फोटो समोरून काढा. बाजूने काढला तर चढ दिसतो. तक्त्यात 'रॅम्प आहे काय? होय. कठडा आहे काय? होय.' त्यावरून कुणी जातं काय, हा रकाना नाही. तसा तो रॅम्प वायाही जात नाही. पावसाळ्यात गुरुजींची मोटारसायकल व्हरांड्यात चढवायला, गेला बाजार तांदळाची पोती ओढायला त्याचा उपयोग होतो. दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृहही कधी मोकळं नसतं: झाडू, चुन्याच्या पिशव्या, फुटका फळा. किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक मीटिंगला.

साहित्यवाटपाचा क्रम कधी बिघडवू नका. आधी मोजमाप शिबिर, मग मागणी, मग मंजुरी, मग पुरवठा, मग पाहुण्यांची तारीख. पहिलीत माप दिलेल्या मुलाला पायाला बांधायचा कॅलिपर मिळतो तेव्हा तो तिसरीत असतो आणि कॅलिपर पहिलीतच असतो. पालक कुरकुर करतील. 'पुढच्या शिबिराला आणा' म्हणा. श्रवणयंत्राचं तर आणखी बरं आहे. मुलाचा कान वाढतो, यंत्राचा कानात बसवायचा साचा वाढत नाही. साचा सैल झाला की यंत्र शिट्टी मारायला लागतं, वर्गात मुलं हसतात, तो काढून ठेवतो. मग आई ते 'सरकारी वस्तू, फुटायला नको' म्हणून स्टीलच्या डब्यात, मंगळसूत्राच्या पावतीशेजारी जपून ठेवते. नवा साचा आणि सेल यांची मागणी नोंदवायला तुमच्याकडे प्रपत्र नाही. यंत्र दिल्याचं प्रपत्र आहे, ते भरलेलं आहे, त्यावर आईचा अंगठाही आहे.

पैशांचा विषय लवकर संपतो, कारण पैसेच लवकर संपतात. 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेत विशेष गरजा असणाऱ्या बालकामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे, म्हणजे दिवसाला दहा रुपयेसुद्धा नाहीत. मुलींसाठी महिना २०० रुपये, दहा महिने, थेट बँक खात्यात. खात्याला आधार हवं, आधारला बोटांचे ठसे हवेत, आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीची मूठ यंत्रापुढे उघडत नाही. आधार केंद्रावरचा मुलगा म्हणतो, 'हात सरळ कर ना, बाळा.' ती करू शकली असती तर तिचं नाव तुमच्या यादीत कशाला असतं! ठशांशिवायही नोंदणी करता येते. पण ते त्या मुलाला सांगायला कुणी गेलं तर तुमचा माणूस तिथे अर्धा दिवस अडकतो. त्यापेक्षा 'खाते निष्क्रिय' असा शेरा मारून रक्कम परत पाठवा.

३ डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन. कार्यक्रम पंचायत समितीच्या सभागृहात, म्हणजे पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. मुलं उचलून आणायची, स्वागतगीत दृष्टिहीन मुलीकडून म्हणून घ्यायचं, मूकबधिर मुलांपुढे चाळीस मिनिटांचं मार्गदर्शनपर भाषण ठेवायचं. सांकेतिक भाषेत सांगणारं कुणी नसलं तरी चालतं. मुलं काही ऐकत नाहीत, अशी तक्रार तरी भाषण करणाऱ्याने करू नये, एवढीच माफक अपेक्षा.

वर्गशिक्षकांशी बोलणं एकदाच पक्कं करून टाका. 'ते मूल तुमचं' असं ते तुम्हाला म्हणतील, 'ते मूल तुमच्या वर्गातलं' असं तुम्ही त्यांना म्हणा. पत्रव्यवहार चालू राहतो. तोवर मूल शेवटच्या बाकावर बसून आंब्याचं चित्र रंगवतं. जूनमध्ये रंगवलेला आंबा मार्चमध्येही चालतो. याला समावेशन म्हणतात, कारण पटावर त्याचं नाव बाकीच्यांच्याच यादीत असतं.

कधीमधी एखादी आई थेट कार्यालयात येते. या प्रसंगाची तयारी ठेवावी. मुलाला कडेवर घेऊन, दोन एसट्या बदलून ती आलेली असते. तिला बसायला सांगू नका, बसली की बोलते. 'साहेब, हा चार वर्षं शाळेत येतोय, याला काय शिकवता?' असं विचारते. या प्रश्नाला उत्तर देऊ नका. 'प्रमाणपत्र आहे का?' असं विचारा. असेल तर अपंगत्वाचे टक्के विचारा. चाळीसच्या खाली असतील तर तुमचे हात बांधलेले आहेत असं दुःखाने सांगा. चाळीसच्या वर असतील तर यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मागा. तेही असेल तर त्यावरचं नाव आधारशी अक्षरन्‌अक्षर जुळतं का बघा. 'ज्ञानेश्वर'चं इंग्रजी स्पेलिंग दोन कागदांवर सारखं मी अजून पाहिलेलं नाही. मग जिल्हा रुग्णालय, ठरलेला वार, सकाळी लवकर. ती जाते. जाताना 'बरं साहेब' म्हणते, त्याकडे फारसं लक्ष देऊ नये.

इतकं सगळं सुरळीत लावूनही पथकात एक तरी मॅडम बिघडलेल्या निघतात. त्यांची ओळख सोपी: यांची शीट कायम रिकामी, फोन कायम पिशवीत. या एकाच शाळेत आठवड्यातून तीनदा जातात. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पेन्सिलीवर गुंडाळून ती जाड करतात, म्हणजे आवळलेल्या बोटांतून सटकत नाही. वर्गशिक्षकांना जाऊन सांगतात, 'सर, फळ्याकडे तोंड करून बोलू नका, या पोराला तुमचे ओठ दिसायला हवेत,' आणि त्या पोराला शेवटच्या बाकावरून उचलून पुढे, खिडकीकडे तोंड करून नव्हे तर उजेड सरांच्या तोंडावर पडेल असं बसवतात. यात अख्खी सकाळ जाते. प्रवासभत्त्याचं बिल लावतात तेव्हा कळतं की बाई मंजूर दौऱ्याबाहेर गेल्या होत्या.

अशांना वेळीच आवर घातला नाही तर बाकीचेही शाळेत जायला लागतात. कारणे दाखवा नोटीस काढा: 'मासिक प्रपत्र-३ विहित मुदतीत सादर न केल्याबाबत.' तीन दिवसांची मुदत द्या. उत्तर येईल. सोबत प्रपत्र नसेल. वहीचं फाडलेलं एक पान असेल आणि त्यावर वेड्यावाकड्या, ओळ सोडून खाली घसरलेल्या अक्षरांत कुणीतरी स्वतःचं नाव लिहिलेलं असेल. आवक नोंदवहीत त्याला क्रमांक द्या, मागे तारखेचा शिक्का मारा आणि शेरा लिहा: 'खुलासा विहित नमुन्यात नाही. सबब, मूळ कागद परत. प्रपत्र-३ आज दुपारी २ पर्यंत.'