दंडमाफी हवी? आधी अटी वाचा

थकबाकी तुंबू द्यायची आणि अभय योजनेची वाट बघायची, हे मुंबईकराला शिकवावं लागत नाही. तेव्हा कॅथलिक चर्चमध्ये इंडल्जन्स नावाची पापाच्या दंडाची माफी असते, हे ऐकूनच तुमचे डोळे चमकले असतील. शाब्बास!

फक्त एजंट शोधू नका, ते दिवस गेले. 1517 मध्ये जर्मनीत योहान टेट्झेल हा संन्यासी पैसे घेऊन अशा माफ्या देत फिरत होता. रोममध्ये सेंट पीटर्स या मोठ्या चर्चचं काम काढलेलं, आणि बांधकाम म्हटलं की पैसा कमीच पडतो, हे तुम्हाला कोणी सांगायला नको. त्यावर मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मगुरूने विरोधाचे 95 मुद्दे काढले आणि पुढे पश्चिम युरोपातलं चर्चच फुटलं. 1567 मध्ये पोप पाचवे पायस यांनी पैशाच्या माफ्या बंद केल्या. त्यामुळे पाकीट खिशातच राहू द्या. वांद्र्याला मोतमाउलीच्या दारात मेणाचं घर विकत घेऊन वाहिलंत, तर तो नवस झाला. त्याने दंड सुटत नाही.

पूर्वी अमुक दिवसांची, तमुक वर्षांची माफी असा हिशेब असे. तुम्हाला आवडला असता. 1967 मध्ये पोप सहावे पॉल यांनी तोही काढून टाकला. आता दोनच प्रकार, पूर्ण आणि अंशतः. तुम्ही अर्थातच पूर्ण घेणार.

सोपी आहे हो. अर्धा तास भक्तिभावाने बायबल वाचायचं. फादरांकडे जाऊन पापं कबूल करायची, कारण क्षमा तिथे मिळते. ही सूट नंतर उरलेल्या दंडाला. मग कम्युनियन, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतली पवित्र भाकर, घ्यायचं, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना करायची. आणि एक बारीकशी अट: कुठल्याही पापाची, अगदी किरकोळ पापाचीही, ओढ मनात उरता कामा नये. म्हणजे गॅलरी आत घेतल्याचं सुख, चौथ्या सीटवरच्याला मांडीने इंचाइंचाने बाहेर सरकवण्याची मजा, कामवालीचा खाडा कापल्याचं समाधान, एवढंच सोडायचं. जमेल ना?

दिवसाला एकच पूर्ण माफी मिळते. ती दुसऱ्याच्या नावावर करता येते, पण तो मेलेला हवा. मेल्यावर उरलेला दंड जिथे फेडतात, त्या परगेटरीतल्या जिवांसाठीच ही सोय. त्यासाठी 1 ते 8 नोव्हेंबर हा आठवडा उत्तम. शिवडीच्या दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना करा. सोसायटीच्या सेक्रेटरीचं नाव घालायचा विचार असेल, तर आधी तो जायला हवा आणि मग त्याची लवकर सुटका व्हावी असं तुम्हाला मनापासून वाटायला हवं.